लिफ्टचे पत्र आणि मिठाची वाटी

रविवार, दुपारचे साडेबारा. स्थळ, शहराच्या पश्चिम भागातील एका सात मजली इमारतीचा वाहनतळ. मोटारी बाहेर रस्त्यावर काढलेल्या, जमिनीवर सतरंज्यांच्या पट्ट्या अंथरलेल्या, त्यांच्यापुढे केळीची पाने. गृहनिर्माण संस्थेच्या वर्धापनदिनाची पहिली पंगत बसत होती. इमारतीची लिफ्ट बंद होती.

ती तीन आठवड्यांपासून बंद होती. त्यामुळे सहाव्या मजल्यावरचे दिगंबर साळसकर पंगतीत नव्हते. साळसकर घड्याळे दुरुस्त करतात. बाजारात त्यांचा छोटा गाळा आहे. लहानपणी पोलिओने पाय गेले, तेव्हापासून चाकांची खुर्ची. लिफ्ट चालू असताना ते रोज सकाळी स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत दुकानात जात आणि संध्याकाळी परत येत. लिफ्ट बंद पडल्यावर चार धट्ट्याकट्ट्या शेजाऱ्यांनी त्यांना उचलून खाली न्यायची तयारी दाखवली. साळसकर म्हणाले, "मी काय कपाट आहे? तुमचा हात सुटला तर मी जाईन आणि लोक म्हणतील, बिचारा जिन्यावरून पडला. लिफ्ट दुरुस्त करा."

दिवाळी तोंडावर आली होती. भिंतीवरची जुनी घड्याळे लोक याच दिवसांत खाली उतरवतात आणि दुरुस्तीला आणतात. गिऱ्हाईक बंद शटर पाहून परत जात होते. गाळ्याच्या मालकाने निरोप धाडला होता की, दुकान उघडायचे नसेल तर दुसरा माणूस तयार आहे. "सगळी घड्याळं चालू आहेत," साळसकर फोनवर भेटेल त्याला सांगत, "फक्त घड्याळवाला बंद पडलाय."

एकदा एक शिष्या खिन्न होऊन गुरूकडे आली, अशी या जातीच्या गोष्टींची सुरुवात असते. इथली शिष्या खिन्न नव्हती. ती भडकलेली होती. तिचे नाव ऋजुता. नुकतीच वकील झालेली, आणि कोणालाच नको होते म्हणून संस्थेचे सहसचिवपद गळ्यात पडलेली. पहिल्या मजल्यावर एक वृद्ध वकील राहतात. न्यायालयात जाणे त्यांनी कधीच सोडले, पण मसुदा कसा लिहावा हे शिकायला ती रोज त्यांच्याकडे जाते. सगळी इमारत त्यांना आबा म्हणते. पंगतीत ती त्यांच्या शेजारी बसली आणि पान वाढायच्या आधीच सुरू झाली.

"आबा, मी ईमेल पाठवला. अठ्ठावीसही घरांना, अध्यक्षांना, सचिवांना, लिफ्टच्या कंपनीला. एकालाही सोडलं नाही. माणसानं याहून जास्त काय करायचं?"

"उत्तरं आली?"

"तीसच्या वर!"

"अरे वा. आणि लिफ्ट?"

 ऋजुताने मोबाइल काढून ती उत्तरे आबांपुढे धरली. पहिले उत्तर होते, 'अत्यंत गंभीर बाब आहे.' दुसरे, 'सहमत.' तिसऱ्यात नुसते जोडलेले हात. चौथ्याने विचारले होते की, लिफ्टचे राहू द्या, माझ्या जागेवर पांढरी मोटार कोण लावते? त्यावर पांढऱ्या मोटारीच्या मालकाने सर्वांना उत्तर दिले. त्यावर आणखी दोघांनी सर्वांना उत्तर दिले. एका गृहस्थांनी 'कृपया मला या चर्चेतून वगळावे' असे सर्वांना कळवले आणि तिघांनी 'मलाही' असे सर्वांना कळवले. एकांनी त्यातच कोजागरीच्या शुभेच्छा देऊन टाकल्या. अध्यक्ष देवस्थळी यांचेही उत्तर होते. 'यावर लवकरात लवकर कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

"अध्यक्षांनीच विनंती केली आहे," आबा म्हणाले. "कोणाला?"

"तेच तर! कार्यवाही त्यांनीच करायची आहे. दाराचा नवा भाग कंपनीच्या गोदामात दहा दिवसांपासून येऊन पडलाय. अध्यक्षांच्या मंजुरीची एक ओळ गेली की बसवतील."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तडवींनी. कंपनीचे कारागीर आहेत ना, दर महिन्याला येतात ते. जिन्यात भेटले होते."

ज्याने एखाद्या कार्यालयात अर्ज हातात घेऊन चार चकरा मारल्या आहेत, त्याला यात नवल वाटायचे नाही. कागदाच्या शेवटी 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून खाली दहा नावे घातलेली असतात, आणि दहाही जणांना माहिती असते. पूल खचतो तेव्हा माहिती असते. औषध संपते तेव्हा माहिती असते. माहितीची टंचाई आपल्याकडे कधीही पडलेली नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच असतो. यांतल्या कोणी उठून काय केले? तो विचारला की दहाही जण कागदावर बोट ठेवून दाखवतात की, पाहा, नाव फक्त माझे नाही.

ऋजुताचा राग मात्र केवळ अध्यक्षांवर नव्हता. तिच्या आवाजात आणखी काहीतरी अडकले होते. आबांनी तिच्याकडे नुसते पाहिले.

"सकाळी तडवींचा फोन आला," ती म्हणाली. "म्हणाले, 'मॅडम, साहेबांनी उद्या ऑफिसात बोलावलंय. माझं नाव कशाला टाकलंत?' मी त्यांना सीसीमध्ये ठेवलं होतं आबा. पत्रात लिहिलंही होतं, 'आपले कारागीर श्री. तडवी यांनी दिलेल्या माहितीनुसार.' माहिती त्यांनी दिली, तर श्रेय त्यांना नको का मिळायला? मी चांगल्यासाठीच केलं."

"जिन्यात सांगितलं म्हणालीस. मोठ्यानं सांगितलं?"

"नाही. हळूच."

"हं," आबा म्हणाले. तेवढ्यात भात आला आणि बोलणे थांबले.

भातावर आमटी पडली. वाढायला बाहेरची माणसे नव्हती. स्वयंपाक आचाऱ्याचा आणि वाढणे रहिवाशांचे, ही इथली पद्धत. कोणी आमटीची बादली घेतलेली, कोणी भाजीची, अध्यक्ष देवस्थळी स्वतः जिलबीचे ताट घेऊन फिरत होते. आबांनी अजून अन्नाला बोटही लावले नव्हते. ते सतरंजीवर हात टेकून हळूहळू उभे राहिले आणि न्यायालयात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात ओरडले,

"मीठ! मीठ हवंय! आणा कोणीतरी!"

पंगतीतल्या सगळ्या माना वळल्या.

"आबा, पानात आहे की! वरच्या बाजूला, लिंबाशेजारी बघा."

"ते चिमूटभर आहे. वाटी हवी."

"आबांना रक्तदाब आहे ना? मीठ कसलं देताय त्यांना?"

"काकू कुठे आहेत? काकूंना सांगा, आबा मीठ मागतायत!"

"मीठ कोणाकडे आहे रे?"

"मघाशी इथंच होतं."

"मी भाजीवर आहे, मला विचारू नका."

"गेल्या वर्षीसुद्धा मिठाचा असाच घोळ झाला होता. मी तेव्हाच बोललो होतो."

"अरे, आबा किती वेळ उभे आहेत! द्या की कोणीतरी!" हे अध्यक्ष देवस्थळी म्हणाले आणि जिलबीचे ताट घेऊन पुढच्या पानाकडे गेले.

सगळे बोलत होते. एकही माणूस स्वयंपाकाच्या कनातीकडे गेला नाही. ऋजुताला ओशाळल्यासारखे झाले. तिने आबांचा सदरा ओढला. "आबा, बसा ना. मी आणते."

"तू जागेवरून हलायचं नाहीस," आबा म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. इतका, की पंगतीला गप्प बसून ऐकावे लागले.

"देवस्थळी."

अध्यक्ष थबकले. "बोला आबा."

"मिठाची वाटी तुम्ही आणा. ते ताट ठेवा खाली. तुम्ही जा आणि तुम्हीच आणा."

देवस्थळींनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी ताट खाली ठेवले, कनातीत गेले आणि वाटी घेऊन बाहेर आले. ती आबांच्या हातात देणार तोच पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून आरोळी आली.

"अहो, आमटी अळणी आहे!"

"अळणी म्हणजे काय, गरम पाणी आहे नुसतं!"

"अध्यक्ष, इकडे! इकडे मीठ!"

अध्यक्ष वाटी घेऊन पानापानाशी वाकू लागले. आयुष्यात कोणत्याही सभेत त्यांना इतक्या लोकांनी इतक्या प्रेमाने बोलावले नव्हते. दोन पाने झाल्यावर ते हसू लागले, आणि पंगतीच्या शेवटापर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या हातची चिमूट मागणाऱ्यांत अळणी न लागलेलेही होते.

आबा खाली बसून शांतपणे जेवू लागले. ऋजुताचा घास हातातच राहिला होता.

"आबा, तुम्ही तर आमटी चाखलीही नव्हती."

"नव्हती."

"मग अळणी आहे हे कळलं कसं?"

"कोणीतरी सांगितलं."

"कोणी?"

"जेव आता."

"आचाऱ्याच्या माणसांपैकी कोणी? त्या भांड्यांपाशी बसलेल्या मावशी? का तो मदतनीस?"

"आमटीत मीठ पडलं ना? नाव कळून तिची चव वाढणार आहे का? आचारी तापट आहे. ज्यानं मला सांगितलं त्याला उद्याही याच आचाऱ्याच्या हाताखाली काम करायचंय." आबांनी भात कालवला. "जिलबी आण म्हणावं आता. नाव घेऊन सांग."

 ऋजुताने जिलबी घेतली नाही, आणि जे तिला ओळखतात त्यांना यावरून कळावे की ती विचारात किती बुडाली होती.

जेवणे आटोपल्यावर ती संगणक घेऊन आबांच्या गॅलरीत जाऊन बसली. आबा सुपारी कातरत होते. ती म्हणाली, "मला सांगा, नीट सांगा."

आबा म्हणाले, "तुझ्या ईमेलमध्ये नावं लिहायला तीन जागा असतात ना? मला त्या यंत्रातलं फार कळत नाही, पण त्या जागा आमच्या कागदावरच्याच आहेत. पहिली, 'प्रति'. तुम्ही टू म्हणता. ज्यानं उठून वाटी आणायची, त्याचं नाव तिथं. तू तिथं अठ्ठावीस घरं बसवलीस. मी मघाशी केलं तेच. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी मत दिलं, देवस्थळींनीसुद्धा दिलं. तो माणूस वाईट नाही. त्याला खरोखरच वाटलं की हे दुसऱ्या कोणाला तरी सांगितलंय. गर्दीत उभं राहून आपलं नाव कोणाला ऐकू येत नाही."

"आणि सीसी?"

"ती 'प्रत'. त्यानं काम करायचं नाही, फक्त जाणायचं. पण नुसतं जाणायचंही नाही. तो जाणतोय हे पहिल्याला दिसलं पाहिजे. पंगत बघत होती म्हणून देवस्थळी कनातीत गेले. मी एकट्यात सांगितलं असतं तर म्हणाले असते, बघतो हं आबा. म्हणून इथं मोजकी माणसं. सचिव, कंपनीचा व्यवस्थापक, आणि साळसकर."

"साळसकर? त्यांना कशाला त्रास?"

"ज्याचं दुकान बुडतंय त्याला त्याच्याच दुकानाबद्दलचं पत्र दाखवायचं नाही? पहिल्या पत्रात तो अठ्ठावीस घरांतला एक होता. विचारून घे त्याला आणि मग घाल."

ऋजुताने तिथल्या तिथे साळसकरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "घाला ताई, ठळक अक्षरात घाला. आणि ते पान वर पाठवलंत त्यातली आमटी कोणी केली? मला वाटलं डॉक्टरांनी सांगून पाठवलीय."

हसणे थांबल्यावर तिने तिसऱ्या जागेबद्दल विचारले. बीसीसी. गुप्त प्रत.

"तिथं बाकीची घरं घाल," आबा म्हणाले. "पत्र त्यांना मिळेल, पण एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. तू अठ्ठावीस कुटुंबांचे पत्ते उचलून एका परक्या कंपनीच्या हातात दिलेस, ते कोणाला विचारून? आणि पांढऱ्या मोटारीचं भांडणही होणार नाही, कारण त्यांनी सर्वांना उत्तर दिलं तरी ते एकमेकांकडे जायचं नाही."

"पण आबा, हे लपवणं झालं. अध्यक्षांना कळणारच नाही की सगळे वाचतायत."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. "म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत लिही, 'या पत्राची प्रत सर्व सभासदांना पाठवली आहे.' पत्ते झाक, माणसं झाकू नकोस. कोणाच्या पाठीमागे तिसऱ्याला गुपचूप ऐकायला बसवायचं, याला ती जागा वापरलीस तर ती चहाडी होते. लोकांचं घर उघड्यावर पडू नये म्हणून वापरलीस तर ती सभ्यता."

ऋजुता टाइप करू लागली. प्रति, श्री. देवस्थळी. मजकूर चार ओळींचा. भाग गोदामात आहे. आपल्या मंजुरीची एक ओळ कंपनीला हवी आहे. ती आज संध्याकाळपर्यंत पाठवाल का? श्री. साळसकर तीन आठवडे घराबाहेर पडू शकलेले नाहीत. मग तिचे बोट थांबले.

"तडवींना कुठं घालू? गुप्त प्रतीत?"

"कुठंही नाही."

"पण त्यांनीच तर..."

"गुप्त प्रत घेतलेल्या माणसानं चुकून 'सर्वांना उत्तर द्या' दाबलं की पडदा गेला. आणि मुळात त्याला हे पत्र कशाला हवं? त्याला जे माहीत होतं तेच त्यानं तुला सांगितलं. बाळ, जिन्यात हळू सांगितलेली गोष्ट कागदावर मोठ्यानं म्हणायची नसते. तू गोदामात फोन करून विचारलं असतंस, भाग आलाय का, तर गोदामानं हो म्हटलं असतं. मग ती तुझी माहिती झाली असती. काही माणसं तिन्ही जागांच्या बाहेर ठेवायची असतात. कागद लिहिणाऱ्याला हे आलं पाहिजे. बाकीचं यंत्र शिकवतं."

ऋजुताने पत्र पाठवण्याआधी व्यवस्थापकाला वेगळे चार शब्द लिहिले. 'प्रति'मध्ये तो एकटा, बाकी दोन्ही जागा रिकाम्या. त्यात म्हटले होते की, मागील पत्रात तडवींचे नाव घालणे ही सर्वस्वी माझी चूक होती, त्यांनी कोणताही नियम मोडलेला नाही, त्यांच्यावर रोष नसावा. ते गेले. मग लिफ्टचे पत्र गेले.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत देवस्थळींची मंजुरी कंपनीला पोचली. एक ओळ होती. खाली त्यांनी ऋजुतासाठी जोडले होते, 'हे मी करायचे आहे असे आधीच का नाही सांगितलेत?' ऋजुताला ते वाचून संताप आला, मग हसू आले, मग कळले की प्रश्न प्रामाणिक आहे.

बुधवारी सकाळी लिफ्ट चालू झाली. खाली दहा-बारा माणसे उगाचच जमली होती. दार उघडले आणि साळसकर बाहेर आले. अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर दुकानाच्या किल्ल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या?" साळसकर म्हणाले. "लिफ्ट वरून खाली आली. ती यायचीच असते. बाजूला व्हा, मला उशीर झालाय तीन आठवडे."

देवस्थळी स्वतः फाटक उघडायला धावले. साळसकरांनी त्यांना नमस्कार केला आणि खुर्ची थांबवली. लिफ्टपाशी अवजारे गोळा करणारा कारागीर नवा होता. साळसकरांनी त्याला विचारले, "तडवी नाही आले?"

"ते आता या भागात नसतात, साहेब. धरणाकडच्या वसाहतीत टाकलंय त्यांना. लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागतात."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"त्यांनी मागितली होती बदली?"

कारागिराने पाना पिशवीत टाकला. "ते मला माहीत नाही, साहेब." त्याने हे हळूच म्हटले. साळसकरांनी त्याचे नाव विचारले नाही.

ते दुकानात गेले. शटर वर केले, धूळ झटकली, पहिल्या गिऱ्हाइकाचे भिंतीवरचे घड्याळ ठेवून घेतले. मग त्यांनी ऋजुताला फोन करून विचारले की, ईमेलमध्ये ती नावे कशी घालायची. तिने सांगितले. त्यांनी स्वतः लिहिले, शब्द न शब्द स्वतःचा. प्रति, लिफ्ट कंपनीचे व्यवस्थापक. प्रत, संस्थेचे अध्यक्ष आणि सहसचिव. तिसरी जागा रिकामी. मजकूर एवढाच: 'आमच्या इमारतीची देखभाल करणारे श्री. तडवी यांना सोमवारी दुसऱ्या भागात पाठवण्यात आले. हा निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या कारणासाठी, हे कृपया कळवावे.'

पत्र बुधवारी दुपारी गेले. त्याला दोन आठवडे झाले. 'प्रति' या जागी एकच नाव आहे, आणि ते अजून बोललेले नाही.